रबाळे येईपर्यंत सिनेमा कसा सांगायचा

ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून सुटलेली वाशी लोकल पाव तासाच्या आत मला रबाळ्याला सोडते. मध्ये दिघा गाव आणि ऐरोली. तेवढ्या वेळात आदल्या रात्री काय पाहिलं, ते कसं होतं आणि बाकीच्यांनी ते बघावं का, हे सगळं उरकायचं असतं, कारण रबाळ्याला मी उतरते आणि माझी खिडकी दुसरीला जाते. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सिनेमाशी संबंध म्हणाल तर तिकीट काढण्यापुरता. पण लेडीज डब्यातल्या या गप्पा ऐकून ऐकून एवढं कळायला लागलंय, की कोणाचं मत पदरात पाडून घ्यावं आणि कोणाच्या मताला नुसती मान डोलवावी.

आमच्यात नावाने हाक मारायची पद्धत नाही, आम्ही एकमेकींना स्टेशनावरून ओळखतो. ऐरोलीवाली पंचविशीतली, आयटी पार्कात कामाला, कुठलीही वेबसिरीज आली की दोन रात्रींत संपवणारी. घणसोलीवाली नर्स आहे. ठाण्यात रात्रपाळी करून सकाळी घरी परतते. ती अर्धी झोपलेली असते, पण बोलली की नेमकं बोलते. तुर्भेवाल्या मॅडम मार्केटात एका पेढीवर हिशेब बघतात. आणि कोपरखैरणेच्या काकू, रोज मुलीकडे नातवाला सांभाळायला जाणाऱ्या. संध्याकाळच्या सगळ्या मालिका त्यांना वेळापत्रकासकट पाठ आहेत.

आता मुद्द्याचं. मत नीट दिलं की नाही, हे ओळखायची माझी एकच कसोटी आहे: ते ऐकून समोरचीला माझ्या उलट ठरवता आलं पाहिजे. मला कंटाळा आणणारा सिनेमा तिने माझ्याच सांगण्यावरून बघायला घेतला आणि तिला तो आवडला, तर मी काम चोख केलं. "मला नाही आवडला" एवढंच ऐकून तिने तो सोडून दिला, तर मी तिची संध्याकाळ फुकट ठरवून टाकली. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका कसोटीसाठी.

पाहिलं कसं, ते आधी

थिएटरात, टीव्हीवर की मोबाइलवर? सलग की तुकड्यातुकड्यांनी? पूर्ण, की दोन भाग बघून सोडून दिलं? हे पहिल्या वाक्यात आलं पाहिजे. ऐरोलीवाली दीडपट वेगाने बघते. तिने "कुठे रेंगाळत नाही" असं सांगितलं की आम्ही आधी विचारतो, "कितीवर लावलं होतंस?"

मालिका आणि वेबसिरीज यांना तर एकाच तराजूत घालूच नये. मालिका पोळ्या लाटताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, पाठमोरं उभं राहूनही कळावी अशीच लिहिलेली असते. कोणी दारात आलं की आधी संगीत, मग घरातल्या प्रत्येकाचा चेहरा, मग जे दिसलं ते पुन्हा संवादातून. ऐरोलीवाली याला हसते. काकू म्हणतात, "अगं, मी ऐकते. बघायला सवड कुणाला आहे?" त्यांचं म्हणणं बिनतोड आहे. उलट ज्या कथेत दोघं पाच मिनिटं न बोलता बसतात, ती स्वयंपाक करता करता लावली आणि "काहीच घडत नाही" असं म्हटलं, तर तो निकाल आपल्या ओट्याचा झाला, सिनेमाचा नव्हे.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हे यासाठी माझं ठरलेलं उदाहरण. त्यात कॅमेरा बराच वेळ एका जागी, लांब उभा असतो. सगळी खोली दिसते. वकील, कारकून, मागच्या बाकावर आपल्या नंबराची वाट बघणारी माणसं. कोणाकडे बघायचं ते तुम्ही ठरवायचं. मोबाइलच्या पडद्यावर न्यायाधीशाचं तोंड वाटाण्याएवढं होतं, मागचा बाक तर दिसतच नाही. मग उरतं काय, तर तारखा आणि कागदांचं वाचन. मोबाइलवर पाहिला असेल तर तसं सांगून मोकळं व्हावं. ऐकणारी आपलं आपण कमी-जास्त करून घेते.

गोष्ट किती सांगायची

सिनेमाची थोडी, मालिकेची सगळी.

मालिकेच्या बाबतीत लपवाछपवीला अर्थ नाही. कालचा भाग चुकलेली बाई "काय झालं गं काल?" असं विचारते तेव्हा तिला खरंच काय झालं तेच हवं असतं. काकू बावीस मिनिटांचा भाग दिघा गाव यायच्या आत सांगतात, आणि त्यात पुढे काय होणार याचा अंदाजही मोफत देतात. हे कौशल्य मला कधीही जमणार नाही.

सिनेमा किंवा वेबसिरीज असेल तर दोन वाक्यं. कोण आहे, तिला काय हवंय, आडवं काय येतंय. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ मी असा सांगते: कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, एमपीएससी द्यायची म्हणते. घरी मात्र तिला बघायला स्थळांमागून स्थळं येतायत. बस. याच्या पुढे गेलात तर हात आखडता घ्या. फार तर पहिला प्रसंग सांगावा, कारण तो बघणाऱ्याला पाच मिनिटांत कळणारच असतो. ‘स्थळ’चा पहिला प्रसंग तर सांगण्यासारखाच आहे: बायका बसल्यात आणि मुलाला बघण्याचा कार्यक्रम चाललाय, त्याची उंची, शिक्षण, सगळं त्याच्याच तोंडून वदवून घेतायत. मी एवढं सांगितलं आणि तुर्भेवाल्या मॅडमनी पर्समधून चिठ्ठी काढून नाव लिहून घेतलं.

शेवटाबद्दल लोक म्हणतात, जुना सिनेमा असेल तर सांगितला म्हणून काय बिघडलं. ‘सैराट’चा शेवट तर महाराष्ट्राला माहीत आहे असं आपण धरून चालतो. पण २०१६ साली जी मुलं दुसरी-तिसरीत होती, ती आता लोकलने कॉलेजला जातात. आमच्या डब्यात तशी एक मुलगी उभी होती आणि आम्ही शेवटावर जोरजोरात बोलत होतो. तिने कानात इयरफोन घातले आणि आमच्याकडे पाठ केली. तेव्हापासून घणसोलीवालीने नियम घालून दिलाय: बोलायच्या आधी आजूबाजूला बघून विचारायचं, "कोणाचा राहिलाय का?"

आणि शेवट न सांगताही शेवटाबद्दल बोलता येतं. ‘सैराट’चंच घ्या. अजय-अतुल यांचं संगीत सिनेमाभर आहे, गाणी लोक थिएटरात उभं राहून नाचले अशी. आणि अगदी शेवटी आवाजच काढून घेतलाय. हे सांगितल्याने काय घडतं ते फुटत नाही, पण ऐकणारीला कळतं की दिग्दर्शकाने काहीतरी विचारपूर्वक केलंय आणि त्या क्षणी आपण मोबाइल बघत बसायचं नाही.

‘भारी’च्या मागे ‘म्हणजे’

मस्त, भारी, कडक, बकवास, डोक्याला ताप. माझा मुलगा हल्ली सगळ्याला "मिड आहे" म्हणतो. बोलताना हे शब्द येणारच, ते तोडून टाकायची गरज नाही. एवढंच करायचं की विशेषण वापरलं रे वापरलं की लगेच पुढे "म्हणजे" लावायचं आणि वाक्य पुरं करायचं. आमच्याकडे हे काम नर्सबाई करतात. खिडकीला डोकं टेकून डोळे मिटलेले असतात, कोणी "एकदम भारी होती सिरीज" म्हटलं की डोळे न उघडता विचारतात, "म्हणजे?" या एका शब्दाने भल्याभल्यांची दांडी उडते.

"म्हणजे"च्या पुढे एक प्रसंग यावा. एकच. जो रात्री भांडी घासताना पुन्हा आठवला तो. ‘कोर्ट’मधला माझा प्रसंग सरकारी वकीलबाईंचा. गीतांजली कुलकर्णी यांनी ती भूमिका केली आहे. कोर्टात ही बाई एका म्हाताऱ्या शाहिराविरुद्ध जुनेपाने कायदे रखरखीत आवाजात वाचते. कोर्ट सुटल्यावर लोकलच्या लेडीज डब्यात दुसऱ्या बाईशी घरच्या गप्पा मारत जाते, घरी पोचून स्वयंपाकाला लागते. खलनायिका म्हणून तिच्यावर राग धरावा, तर ती आपल्याच सीटवर बसलेली. मी हे सांगितलं तेव्हा आमच्याही डब्यात क्षणभर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

कंटाळ्याचंही तसंच. "कंटाळा आला" हे अर्धं वाक्य झालं. कुठे आला? याची एक सोपी खूण आहे: बघताना आपला हात मोबाइलकडे पहिल्यांदा कधी गेला ते लक्षात ठेवायचं. नवराबायकोच्या भांडणात गेला की पाठलागात? गाण्यात की भाषणात? मी पाठलागात हमखास व्हॉट्सॲप उघडते. गाड्या उडाल्या काय आणि राहिल्या काय. पण ऐरोलीवाली नेमकी त्याच वेळी सोफ्याच्या कडेला येऊन बसते. म्हणून मी "शेवटची वीस मिनिटं नुसता पाठलाग आहे, मी भाजी निवडून घेतली" असं सांगते आणि तिला हवं ते कळतं.

कोणाचा दोष कोणाच्या माथी

सर्वांत जास्त अन्याय नटांवर होतो. नायिका मूर्खासारखी वागली की "तिला अभिनय येत नाही". अहो, ती तसं वागते कारण तसं लिहिलंय. मालिकेत तर लिहिणाऱ्याचाही हात बांधलेला असतो. कोणती मालिका किती लोकांनी बघितली याचे बार्कचे आकडे दर आठवड्याला येतात, एखादं पात्र लोकांना आवडलं की त्याचं काम वाढतं, नाही आवडलं तर ते गावाला जातं, आणि जी गोष्ट वर्षभरात संपायची ती चार वर्षं चालते. मेलेला माणूस परत येतो तो नटाच्या हौसेने नव्हे.

मग ओळखायचं कसं? मी एक करते. जो संवाद खटकला तो मनातल्या मनात एखाद्या कसलेल्या नटाच्या तोंडी घालून बघते. तरीही खटकला तर लिहिण्यात खोट. तिथे शोभला तर म्हणण्यात. दरवेळी लागू पडतं असं नाही, पण निदान "सगळंच वाईट" असा सरसकट निकाल तरी टळतो. अभिनयाबद्दल बोलायचं तर दुसरा बोलत असताना हा काय करतो तिकडे बघावं. आपली वाक्यं सगळेच घोकून येतात.

आणि ज्याला ज्यातलं कळतं त्याने त्यावर ठाम बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. आमच्या नर्सबाईंना दवाखान्याचे प्रसंग सहन होत नाहीत. मॉनिटरवर रेषा सपाट झाली, की पडद्यावरचे डॉक्टर लगेच विजेचा शॉक द्यायला धावतात. "सपाट रेषेला शॉक देत नाहीत, छाती दाबतात, सीपीआर देतात," हे त्या कितव्यांदा तरी सांगतात. मला स्वतःला एका रात्रीत सगळा घोटाळा शोधून काढणाऱ्या ऑडिटरचं हसू येतं. आमच्याकडे मार्चमध्ये एक व्हाउचर सापडायला आठवडा जातो. अशी खटक जरूर सांगावी, पण तिचं वजनही सांगावं. शॉक चुकीचा दिला म्हणून माणसांची गोष्ट चुकत नाही, पण सगळी सिरीजच दवाखान्यावर असेल तर चुकते.

बोलीभाषेचं मात्र मी हलकं धरत नाही. घणसोलीवाली आगरी आहे. नवी मुंबई वसायच्या आधीपासून तिच्या घराण्याची शेतं आणि खाडी तिथे होती. पडद्यावर आगरी बोलणारा कोण असतो? बहुतेक वेळा ड्रायव्हर, गुंड, नाहीतर हसवायला आणलेला शेजारी. "सगळ्या ‘ण’चा ‘न’ केला की झाली यांची आगरी," ती म्हणते. "माझी आजी अशी बोलायची, पण तिच्या बोलण्यावर कोणी हसलेलं मी पाहिलं नाही." आम्हाला, म्हणजे पाचपाखाडी-नौपाड्यात वाढलेल्यांना, ते कधी खटकलंच नव्हतं. ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, तिथल्याच माणसांना घेऊन चित्रित झालाय. त्यातली भाषा तुर्भेवाल्या मॅडमनी पास केली, त्यांचं माहेर विदर्भातलं. मी त्या भाषेबद्दल फार तर "कानाला गोड लागली" असं म्हणू शकते, "अस्सल आहे" असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. ज्या गावची बोली असेल तिथलं माणूस डब्यात शोधावं. लोकलमध्ये ते सापडतंच.

ऐकीव गोष्टी फिरवू नका

"ती मालिका ना? हिंदीची कॉपी." ‘आई कुठे काय करते’बद्दल हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की बस. हिंदी ‘अनुपमा’ २०२० च्या जुलैत सुरू झाली. आपली मराठी मालिका त्याच्या आधी, २०१९ च्या डिसेंबरात. आणि दोघींचं मूळ ‘श्रीमोयी’ नावाच्या बंगाली मालिकेत. कॉपी म्हणायचीच तर दोघींना म्हणा. त्यापेक्षा एकच बाई कोलकात्यात, ठाण्यात आणि हिंदीत कशी वेगळी वागते यावर बोलणं मला जास्त रंजक वाटतं, आणि काकूंनी त्यावर रबाळ्यापर्यंत व्याख्यान दिलेलं आहे.

तसंच ऑस्करचं. "मराठी सिनेमाला ऑस्करचं नामांकन होतं" असं ‘श्वास’बद्दल बिनधास्त सांगितलं जातं. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे भारतातर्फे पाठवले गेले होते. पाठवणं वेगळं, नामांकन वेगळं. परभाषा विभागात शेवटच्या पाचांत पोचलेले भारताचे सिनेमे तीनच: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. शिवाय पुरस्काराने ऐकणारीचं काय ठरतं? सुवर्णकमळ मिळालेला सिनेमा शुक्रवारी रात्री थकून घरी आल्यावर बघायचा की रविवारी सकाळी, हे तिला पुरस्कारावरून कळत नाही. तुम्ही पाहिलाय, तुम्ही सांगा.

सासूबाईंसोबत बघता येईल का?

डब्यात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. हा प्रश्न विनोदाने घेऊ नये. वन बीएचकेमध्ये एकच टीव्ही आहे, समोर सासूबाई आहेत आणि दहावीतला मुलगा पुस्तक तोंडासमोर धरून ऐकतोय. "थोडी शिवीगाळ आहे" म्हणजे किती? एखाद्या भांडणापुरती, की "चहा दे" म्हणतानाही? रक्त आहे का? लहान मुलाला काही होतं का? हे शेवटचं मी न विचारता सांगते, कारण बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या बाईला ते आधी कळायला हवं.

प्रमाणपत्रावर लक्ष ठेवलं तर अर्धं काम होतं. नोव्हेंबर २०२४ पासून सेन्सॉर बोर्डाने यूए चे तीन भाग केले आहेत: ७ वर्षांपासून पुढे, १३ पासून पुढे आणि १६ पासून पुढे. ओटीटीवरही साधारण तशाच खुणा असतात, फक्त तिथे त्या कंपन्या स्वतःच लावतात. तरी खूण वय सांगते, घर सांगत नाही. आमच्या घरी चुंबनदृश्यापेक्षा नायकाने आईवर आवाज चढवला तर जास्त गोंधळ होतो. म्हणून मी सांगताना "हेडफोन लावून बघ", "जेवताना लावू नकोस", "सगळ्यांसोबत चालेल, फक्त पहिली दहा मिनिटं पुढे ढकल" अशा भाषेत सांगते. काकू एकदा म्हणाल्या, आमच्या जावयासोबत बघता येईल का तेवढं सांग. ती इयत्ता बोर्डाने अजून काढलेली नाही.

मराठी सिनेमा असेल तर लवकर बोला

वेबसिरीजबद्दल महिन्याने बोललात तरी चालतं, ती कुठे जात नाही. थिएटरातल्या मराठी सिनेमाचं तसं नाही. शुक्रवारी लागतो, शनिवार-रविवारचा गल्ला बघून पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये त्याला सकाळी अकराचा नाहीतर रात्री दहानंतरचा खेळ मिळतो. नोकरी करणाऱ्या बाईने कधी जायचं? म्हणून शनिवारी पाहिला तर मी सोमवारपर्यंत थांबत नाही, त्याच रात्री ग्रुपवर टाकते. सोबत कुठे, किती वाजताचा आणि तिकीट साधारण किती तेही. "पैसे वसूल" म्हणताना पैसे किती ते सांगितलं नाही तर वसुली कसली कळणार? सकाळच्या खेळाला मला चालून गेलेला सिनेमा रविवार संध्याकाळच्या दरात, वर चौघांचं पॉपकॉर्न धरून, मी कोणाला सुचवणार नाही.

चांगल्या हेतूने पण खोटं बोलू नये. "आपला मराठी आहे, बघायलाच हवा" म्हणून रटाळ सिनेमा गळ्यात मारला की ती बाई पुढचा चांगला मराठी सिनेमाही टाळते. गडकरी रंगायतनला पाहिलेल्या नाटकाबद्दल बोलताना एवढंच लक्षात ठेवा की तुम्ही त्या दिवसाचा प्रयोग पाहिलात. तारीख सांगा, आणि कोणी बदली नट होता का तेही.

पटलं नाही तर

काकूंना त्यांची मालिका आवडते आणि ऐरोलीवालीला ती बघवत नाही. पहिल्या वर्षी ती म्हणायची, "काकू, तुम्ही हे कसं बघू शकता?" हा प्रश्न मालिकेबद्दलचा नव्हताच. मालिका बघणारी बाई बावळट नसते. दुपारभर नातवामागे धावून संध्याकाळी तिला ओळखीची माणसं भेटतात, तीही चहा न मागणारी. आता तीच मुलगी विचारते, "काकू, मला ती सून नाही पटत. तुम्हाला तिचं काय आवडतं?" मग काकू सांगतात, आणि त्यातून मालिकेपेक्षा काकूंच्या सुनेबद्दल जास्त कळतं.

वयाने मोठ्या बाईशी वाद घालायचा तर तिच्या आवडलेल्या प्रसंगापासून सुरू करावं. "तो हॉस्पिटलचा प्रसंग मलाही लागला, पण त्याच्या पुढे..." असं. नवऱ्याशी वाद घालायचा तर सिनेमा संपल्यावर लगेच नको, गाडी पार्किंगमधून बाहेर निघेपर्यंत थांबावं. आणि एखादीने "मी रडले" असं सांगितलं तर तिला दिग्दर्शनातल्या चुका मोजून दाखवू नयेत. त्या तिला कळल्याच असतील, तरी रडली.

कधीकधी दोघींचं मत उलटं असूनही दोघींचं सांगणं एकच निघतं, आणि मला ते सर्वांत आवडतं. ‘कोर्ट’बद्दल मी म्हणाले, संथ आहे, तारखेमागून तारीख पडते, कोणी ओरडत नाही, निकालाची उत्कंठा वगैरे शोधायला जाऊ नका. तुर्भेवाल्या मॅडमचा फ्लॅटवरून बिल्डरशी खटला चालू आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे खऱ्यासारखा आहे की. मग बघतेच." पाहिला, आणि परत येऊन मलाच कारकुनाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या ज्या माझ्या नजरेतून सुटल्या होत्या.

ग्रुपवर लिहिताना

चार मिनिटांची व्हॉइस नोट पाठवू नये. डब्यात ती कोणी लावत नाही, आणि लावली तर सगळा डबा ऐकतो. लिहा. पहिल्या दोन ओळी मोबाइलच्या वरच्या पट्टीवर आपोआप दिसतात, त्यामुळे त्यात नाव, भाषा, लांबी आणि कुठे पाहिलं एवढंच. फुटण्यासारखं काही असेल तर बरंच खाली. माझा मेसेज साधारण असा असतो:

"कोर्ट. मराठी, मधूनमधून हिंदी, गुजराती, इंग्रजी. दोन तासांना थोडा कमी. घरच्या टीव्हीवर, सलग पाहिला. गटारात काम करणाऱ्या एका माणसाच्या मृत्यूला तुझं गाणं कारण आहे, असा म्हाताऱ्या शाहिरावर आरोप; त्याचा खटला. कॅमेरा हलत नाही, घाई नाही. वकीलबाई लोकलने घरी जाते तो भाग चुकवू नका. मला मध्यावर जरा जड गेला. पाठलाग, गाणी, रडारड हवी असेल त्या दिवशी लावू नका. मुलांना कळणार नाही. शेवटावर बोलायचं असेल तर पाहून झाल्यावर मला वेगळा मेसेज करा."

तारे देत नाही. पाचपैकी साडेतीन म्हणजे काय ते मला कधी समजलेलं नाही, आणि साडेतीनवरून कोणी माझ्या उलट ठरवूही शकत नाही. थिएटरात बसून पडद्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला लावण्याची हौसही आवरा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर सिनेमागृहात असं चित्रीकरण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते आणि दंड लाखांत आहे. "आम्ही बघायला आलोय" हे तिकिटाच्या फोटोवरूनही कळतं.

एवढं लिहून पाठवलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "लिंक आहे का?" मी ॲपचं नाव पाठवते, वर्गणी असेल तर तसं लिहिते. टेलिग्रामवरची लिंक कोणी मागितलीच तर ऐरोलीवाली माझ्याआधी उत्तर देते, की त्या प्रिंटमध्ये पुढच्या रांगेतल्या माणसाचं डोकं दिसतं.